रील पळते, फोटो अडतो : गावाकडच्या अपलोडचं दुखणं

खरीप तोंडावर आला की शेतातल्या कामांबरोबर मोबाइलमधल्या कामांचीही यादी सुरू होते. फार्मर आयडी, ई-केवायसी, महाडीबीटीवर कागदपत्रं, पेरणी उरकली की ई-पीक पाहणी आणि माल घरात यायच्या आत हमीभाव खरेदीची नोंदणी. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक ठिकाणी आपल्याला काहीतरी वर पाठवायचं असतं. पिकाचा फोटो पाठवा, सातबारा पाठवा, पासबुकाचं पहिलं पान पाठवा. आणि गावातलं नेटवर्क नेमकं पाठवायलाच लंगडं आहे.

गावात कुणालाही विचारा, नेट आहे का? उत्तर येतं, "हाय की, यूट्यूब चालतंय ना." यूट्यूब चालतं ते डाउनलोडवर. तिकडून इकडं येणारा माल तो. इकडून तिकडं जाणाऱ्या मालाला अपलोड म्हणतात आणि त्याचा वेग वेगळा असतो. रील झरझर पळते आणि चार एमबीचा एक फोटो गोल गोल फिरत बसतो, त्याचं कारण हेच. मग माणूस फोनला शिव्या देतो, कुणी रिचार्ज बदलतो, कुणी नवा फोन घेतो. दुखणं बहुतेक वेळा फोनचं नसतंच.

टॉवर ऐकवतो, पण त्याला ऐकू येतं का?

मारुतीच्या देवळावर भोंगा लावला की शिवारापर्यंत भजन ऐकू येतं. पण मळ्यात उभं राहून तुम्ही हाक मारली, तर देवळात बसलेल्या माणसाला ऐकू येईल का? टॉवर आणि मोबाइलचं तसंच आहे. टॉवरच्या यंत्राची ताकद वीस-चाळीस वॅट किंवा त्याहूनही जास्त असते. आपल्या हातातला फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो, कारण बॅटरी टिकायला हवी आणि डोक्याजवळ धरायचा आहे. म्हणजे शंभर-दोनशे पटींचा फरक. टॉवरवरची यंत्रणा बारीक आवाजही पकडू शकते, म्हणून काम चालतं तरी. पण अंतर वाढलं, मधे टेकडी आली, आंबराई आली की पहिला मार अपलोडला बसतो.

फोनवर वर दिसणाऱ्या काड्या आपल्याला फसवतात त्या इथंच. टॉवरचा आवाज फोनला किती चांगला येतोय, एवढंच त्या काड्या सांगतात. फोनचा आवाज टॉवरला कितपत पोचतोय हे त्या सांगत नाहीत. तीन काड्या आहेत आणि फोटो जात नाही, हे त्यामुळं अगदी शक्य आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या डोंगराळ पट्ट्यात हा अनुभव घरोघरी आहे.

दुसरं कारण कंपन्यांच्या वाटणीत आहे. 4जीच्या काही पट्ट्यांत आणि 5जीच्या मुख्य पट्ट्यात येणारा आणि जाणारा माल एकाच रस्त्यावरून चालतो, आळीपाळीनं. एकपदरी पुलावर कसं, थोडा वेळ इकडची वाहनं सोडतात, थोडा वेळ तिकडची. तसं. पण इथं वेळेची वाटणी सारखी नाही. साधारण चार भागांतले तीन भाग येणाऱ्या मालाला, उरलेला जाणाऱ्याला. कंपनीचा हिशोब साधा आहे, लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. शहरात तो हिशोब खपून जातो, कारण तिथं टॉवर जवळजवळ असतात आणि घरात फायबरचं वायफाय असतं. आपल्याकडं दोन्ही नाही.

आणि ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येत तर अपलोड धरलेलाच नाही. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या जानेवारी 2023 मध्ये बदलली. आधी 512 केबीपीएस होती, ती 2 एमबीपीएस केली. चांगलं झालं. पण हा आकडा किमान डाउनलोडचा आहे. अपलोड किती असावा, याबद्दल त्या व्याख्येत एक शब्द नाही. म्हणजे अपलोड अगदी मेलेला असला तरी कागदावर तुमच्या गावात ब्रॉडबँड पोचलेलं असू शकतं. एकीकडं सरकार म्हणतं फोटो पाठवा, दुसरीकडं पाठवायचा वेग त्या व्याख्येत धरतच नाही.

हिशोब मांडून बघा

इथं एक गोंधळ आधी काढून टाकू. फाइल मोजतात एमबीत आणि वेग सांगतात एमबीपीएसमध्ये. दोन्हींतला 'बी' वेगळा आहे. एमबीतला बी म्हणजे बाइट, वेगातला बी म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून 1 एमबीपीएस वेग असेल तर एका सेकंदात 1 एमबी जात नाही, त्याचा आठवा हिस्सा जातो.

आता फोनमधला साधा फोटो 4 एमबीचा धरा. अपलोड वेग पाव एमबीपीएस, डोंगरपट्टीत हा काही फार वाईट म्हणता येत नाही. तर त्या एका फोटोला दोन मिनिटांच्या वर लागतात, तेही मधे न तुटता. तीन गटांत तीन पिकं, प्रत्येकाचे फोटो, म्हणजे बांधावर उभं राहून हातात फोन धरून अर्धा तास गेलाच. त्यात पावसाची भुरभुर आणि बॅटरी 12 टक्के.

मी बातमीचं काम करतो, त्यात व्हिडिओ पाठवावे लागतात. चांगल्या दर्जाचा मिनिटभराचा व्हिडिओ साधारण 100 एमबीच्या घरात जातो. तो 1 एमबीपीएस वेगानं तेरा मिनिटांच्या वर घेतो आणि पाव एमबीपीएसनं जवळपास पाऊण तासाच्या पुढं, 53 मिनिटं. गारपिटीचा व्हिडिओ जिल्ह्याला पोचेपर्यंत गारा वितळून गेलेल्या असतात, असं आम्ही वार्ताहर मंडळी गमतीनं म्हणतो. बातमी उशिरा गेली तर फार काही बिघडत नाही. शेतकऱ्याचा फोटो उशिरा गेला तर त्याचं वर्ष बिघडतं.

फोटो अडला की काय काय अडतं

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली 15 ऑगस्ट 2021 ला. आधी तलाठी पीक पेरा लावायचा, आता तो आपणच मोबाइलवरून लावायचा. कल्पना वाईट नाही, घरी बसून पेरा लावण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा बरी. फोटो गटात जाऊनच काढायचा आणि ठरलेल्या मीटरच्या आतच, असं बंधनही आता आहे. त्यामुळं खोटी नोंद अवघड झाली, हे मान्य. पण त्याच बंधनामुळं शेतकरी नेमका तिथं उभा राहतो जिथं नेटवर्क सगळ्यात कमी असतं.

ही नोंद नुसती शोभेची नाही. हमीभावानं सोयाबीन विकायचं तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये होता आणि हंगामात बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. क्विंटलमागं पाचशेचा जरी फरक धरला, तरी वीस क्विंटलवाल्या घराचे दहा हजार रुपये त्या एका नोंदीवर टांगलेले असतात. कापसाचंही तेच. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं 'कपास किसान' नावाचं अ‍ॅप आणलं. हमीभावानं कापूस घालायचा तर आधी त्यात नोंदणी, त्यात कागदपत्रं अपलोड. ठरवलेली मुदत पुढं ढकलावी लागली, तीही एकदा नव्हे.

याच्याआधीचं एक उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारनं हेक्टरी पाच हजार रुपये जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. अट होती ई-पीक पाहणीची. पिकं सगळ्यांनी घेतली होती, पण पाहणी सगळ्यांची नव्हती. याद्या लागल्या आणि गावागावांत ओरड झाली. शेवटी 2024 मध्ये ती अट सैल करून सातबाऱ्यावर नोंद असणाऱ्यांनाही त्यात घ्यावं लागलं. ओरड झाली म्हणून हे झालं. पाहणी राहिलेल्यांत कंटाळा करणारेही होते, नाही असं नाही. पण तीन-तीन दिवस प्रयत्न करून फोटो न गेलेले किती, हे कुणी मोजलं नाही. सरकारच्या नोंदीत दोघंही एकच, 'पाहणी केली नाही'.

आता पीक विम्याकडं या. केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की खरीप 2026 पासून रानडुकरं, रोही अशा जनावरांनी केलेलं नुकसान विम्यात धरता येईल. आपल्याकडं ही मागणी किती जुनी आहे हे सांगायला नको. पण त्यासोबतची अट वाचा. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत पीक विमा अ‍ॅपवर कळवायचं आणि जागेची नोंद असलेले फोटो अपलोड करायचे. डुकरांचा कळप येतो तो डोंगराच्या कडेच्या शेतात, हमरस्त्याच्या शेतात नाही. जिथं जनावर जास्त तिथंच नेटवर्क कमी. 72 तास ऐकायला भरपूर वाटतात. त्यातल्या रात्री काढा, लाइट नसलेले तास काढा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी थकली की टॉवरही गप्प.

माझ्या मते खरी चूक इथं आहे. सरकार वेळ मोजतं ती माहिती सर्व्हरवर पोचल्याची. शेतकऱ्याच्या हातात असतं ते फोटो काढणं. पोचवणं कंपनीच्या आणि सर्व्हरच्या हातात असतं. फोटो काढला त्या क्षणाची तारीख, वेळ आणि जागा फोनमध्ये नोंदवली जातेच, अ‍ॅप ती वाचतंही. मग मुदत त्या वेळेवर का धरू नये? पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरायची पद्धत आपल्याकडं पूर्वापार आहे. टपाल उशिरा पोचलं म्हणून अर्ज उशिरा केला असं कुणी म्हणत नव्हतं. फोनमधली तारीख बदलता येते, फसवाफसवी होईल, असा आक्षेप अधिकारी घेतात. पण उपग्रहाकडून येणाऱ्या जीपीएसच्या संदेशात वेळ असते, तिला फोनच्या घड्याळाची गरज नाही. ठरवलं तर जमण्यासारखं आहे.

तोवर आपण काय करायचं

आधी दोष कुणाचा ते ओळखा. पोर्टलवर फाइल जात नसेल तर तेवढ्याच आकाराची फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून बघा. ड्राइव्हवर भरकन गेली आणि पोर्टलवर अडली, तर तुमचं नेट बरं आहे, पोर्टलचा सर्व्हर दमलाय. अशा वेळी टेकडीवर चढून काही उपयोग नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे करा. दोन्हीकडं अडत असेल तर दुखणं नेटवर्कचं. एवढी एक परीक्षा केली तरी निम्मी धावपळ वाचते.

ड्राइव्हचंही एक-दोन बारीक आहे. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवरच फाइल पाठवा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू असला की मोबाइल डेटावर फाइल जातच नाही, नुसती वाट बघत बसते आणि आपल्याला वाटतं नेट स्लो आहे. तो बंद करा. दुसरं, ड्राइव्हची फुकट जागा 15 जीबी आहे आणि त्यात तुमचे ईमेल आणि गूगल फोटोसुद्धा मोजले जातात. नातवाचे व्हिडिओ साठून जागा भरली की नवीन फाइल चढत नाही. ड्राइव्हचा चांगला गुण हा की मधे नेट तुटलं तर अर्धवट राहिलेली फाइल बहुतेक वेळा तिथूनच पुढं जाते. आपल्याकडच्या बऱ्याच पोर्टलांवर तसं नाही. 90 टक्क्यांवर तुटलं तर पुन्हा शून्यापासून, आणि त्यात 'सेशन संपलं' म्हणून लॉगिनही नव्यानं. ज्यांनी ही पोर्टलं बनवली त्यांनी एकदा श्रावणातल्या पावसात बांधावर उभं राहून ती वापरून बघावीत.

गूगल फोटोचा बॅकअप चालू असेल तर तो मागच्या दारानं तुमचा सगळा अपलोड खात बसतो. महत्त्वाचं काम असताना तो थांबवा. घरातल्या पोराचा व्हिडिओ कॉल चालू असेल तर तोही. 5जी फोन असेल आणि 5जीची काडी अर्धवट असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क 4जीवर करून बघा. 4जीचे काही पट्टे लांबवर पोचतात, त्यामुळं अपलोड कधी कधी चांगला सुधारतो. दोन सिमचा फोन असेल तर दुसऱ्या कंपनीचा डेटा लावून बघायलाही पैसे लागत नाहीत.

फाइल बारीक करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कॅमेरा 50 मेगापिक्सेलवर ठेवायची गरज नाही, 12 वर किंवा त्याच्या खाली आणा. व्हिडिओ 4के मध्ये काढू नका, 720 वर काढला तरी तुंबलेलं शेत स्पष्ट दिसतं. सातबारा-पासबुकाचे फोटो काढून ठेवण्यापेक्षा स्कॅनच्या अ‍ॅपनं काळे-पांढरे करून ठेवा, आकार कितीतरी उतरतो.

एक मात्र सांभाळा. नुकसानीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि त्यातली जागेची नोंदही निघून जाते. पुरावा म्हणून कुणाला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून काढू नका.

वेळ पहाटेची चांगली. संध्याकाळी सात ते अकरा सगळं गाव टॉवरवर तुटून पडलेलं असतं, क्रिकेटची मॅच असली तर बघायलाच नको. दूध घालायला निघता त्या वेळेला रस्ता मोकळा असतो. ई-पीक पाहणीत बांधावर माहिती भरून आणि फोटो काढून ठेवायची आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय दिलेली आहे. बऱ्याच जणांना ती ठाऊक नाही, लोक शेतातच धडपडत बसतात. फोटो गटात काढा, पाठवा गावात येऊन. आणि शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा आख्खं राज्य एकाच दारात उभं असतं. मुदतवाढीचा मेसेज येईल या भरवशावर राहू नका. तो येतो, पण कधी कधी मुदत संपायच्या रात्री येतो.

ग्रामपंचायतीतली तार

ग्रामपंचायतींना फायबर द्यायची केंद्राची योजना 2011 ची. 2015 पासून तिचं नाव भारतनेट. ऑगस्ट 2023 मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला 1.39 लाख कोटी रुपये मंजूर झाले. फायबरवर मोबाइलसारखी ओढाताण नसते, पाठवायचा वेगही चांगला मिळतो. पण कित्येक पंचायतींत ती पेटी कपाटावर धूळ खात आहे, कुठं तार तुटलेली, कुठं बिल थकलेलं. जिथं ती चालू आहे तिथं पाहणीचे दिवस असेपर्यंत रोज दोन तास शेतकऱ्यांसाठी वायफाय उघडं ठेवलं, तर अर्ध्या गावाच्या तालुक्याच्या फेऱ्या वाचतील. त्याला वरून आदेश लागत नाही, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं मनावर घ्यायला लागतं.

कंपनीकडं तक्रार करायची तर 198 हा नंबर फुकट आहे. तिथून तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा, त्याशिवाय पुढं अपील करता येत नाही. 'नेट चालत नाही' असं मोघम सांगितलं तर ते फोन बंद-चालू करायला सांगतात. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप घ्या, त्यात डाउनलोड आणि अपलोड दोन्ही दिसतात. तीन दिवस सकाळी, दुपारी, रात्री मोजा, स्क्रीनशॉट ठेवा आणि अपलोडचा आकडा सांगून तक्रार करा. ट्रायच्या 2024 च्या नियमांनी कंपन्यांना आपापले कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलेत. त्या नकाशात तुमचं गाव रंगवलेलं असेल आणि तुमच्या मोजणीत अपलोड मेलेला असेल, तर दोन्ही कागद शेजारी ठेवा. दहा-वीस जणांची अशी मोजणी ग्रामसभेपुढं ठेवून ठराव घेतला, तर तहसीलदाराला आणि कृषी अधिकाऱ्याला द्यायला हातात काहीतरी राहतं. पाहणी सुरू झाल्यावर ऑगस्टातही ग्रामसभा असते, पण तोवर उशीर झालेला असतो. मोजणी पेरणीच्या आधीच करून ठेवलेली बरी.